विहिरीतील ‘औषध’ आणि तरणतलावातील वास

महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत, आणि म्हणून शिरूर व दौंड या तालुक्यांतही, पिण्याच्या विहिरीत ब्लीचिंग पावडर पडली की ‘औषध टाकले’ असे म्हणण्याची रीत आहे. ग्रामपंचायतीच्या दप्तरात तोच पदार्थ ‘टी.सी.एल.’ म्हणून नोंदला जातो. ट्रॉपिकल क्लोराइड ऑफ लाइम, म्हणजे उष्ण प्रदेशात टिकावी म्हणून अधिक चुना घातलेली भुकटी, या नावाची ती आद्याक्षरे होत; परंतु बोलणाऱ्याच्या लेखी तो आता मराठी शब्दच झाला आहे. या दोन्ही नावांत क्लोरीनचा उच्चार होत नाही. औषध म्हटले की वास आलाच, आणि वास जितका उग्र तितका गुण अधिक, ही समजूत मात्र त्या शब्दाच्या पाठोपाठ येते. तिची परीक्षा इतिहासानेच करावी लागेल.

शेले याने १७७४ मध्ये हा वायू प्रथम सिद्ध केला. १८१० मध्ये डेव्हीने त्यास फिकट हिरव्या रंगाच्या वाचक ग्रीक शब्दावरून नाव दिले. नाव रंगावरून पडले, वासावरून नव्हे. टेनंटने १७९९ मध्ये ज्या भुकटीचे एकस्व घेतले ती कापड पांढरे करण्यासाठी होती. पाणीपुरवठ्यात क्लोरीनचा नित्य व मोठ्या प्रमाणावर वापर अमेरिकेत जर्सी सिटी येथे १९०८ मध्ये सुरू झाला, आणि पुढे सातच वर्षांनी, २२ एप्रिल १९१५ रोजी, ईप्रच्या रणभूमीवर तोच वायू माणसांवर सोडण्यात आला. त्याच महायुद्धात सैनिकांच्या पाण्यात किती भुकटी घालावी हे ठरविण्यासाठी हॉरॉक्सच्या पेल्यांची परीक्षा रूढ झाली. ती भारतातील वैद्यकीय विद्यार्थ्यांना अद्यापि शिकविली जाते.

याहून कमी परिचित कथा नायट्रोजन ट्रायक्लोराइडची आहे. १८११ च्या सुमारास द्यूलाँगने हा स्फोटक द्रव शोधला आणि त्यापायी एक डोळा व बोटे गमावली. पुढच्याच वर्षी त्याच द्रवाने डेव्हीच्या डोळ्यास इजा झाली, आणि लेखनास साह्य म्हणून फॅरेडे नावाचा तरुण त्याच्याकडे प्रथम आला. तरणतलावाच्या ज्या वासाला लोक ‘क्लोरीनचा वास’ म्हणतात, तो पुष्कळदा याच संयुगाचा, अत्यल्प प्रमाणातील, वास असतो. पोहणाऱ्यांचा घाम व मूत्र यांतील युरियाशी क्लोरीनचा संयोग होऊन क्लोरामाइने बनतात. त्यांतील हे तिसरे पाण्यात फारसे न राहता हवेत येते. छपराखालील तलावात ते पाण्याच्या पृष्ठालगत, म्हणजे नेमके पोहणारा श्वास घेतो तेथे, साचते. आणि ऊब राखण्यासाठी तीच हवा पुनःपुन्हा फिरविली तर अधिकच साचते. फ्रान्समधील जीवरक्षकांच्या डोळ्यांना व घशाला होणाऱ्या त्रासाचा संबंध १९९८ मध्ये याच्याशी जोडण्यात आला. जागतिक आरोग्य संघटनेने २००६ मध्ये हवेतील अशा संयुगांसाठी घनमीटरला ०.५ मिलिग्रॅम ही तात्पुरती मर्यादा सुचविली. उग्र वास हे स्वच्छतेचे नव्हे, तर मळाचे चिन्ह ठरले.

पाठीला पांगाऱ्याचा बिंडा बांधून विहिरीत पोहायला शिकणाऱ्या मुलांच्या डोक्यावर आकाश असते. तेथे हा प्रश्न उद्भवत नाही. तथापि त्यातील दुसरा घटक या भागाला निराळ्या वाटेने येऊन मिळतो. पुण्याचे सांडपाणी वाहणारी मुळामुठा शिरूर तालुक्यातील रांजणगाव सांडसच्या परिसरात भीमेला मिळते, आणि पलीकडच्या काठावर दौंड तालुका आहे. सांडपाण्यातील अमोनिया क्लोरीन खाऊन टाकतो. उरते ते संयुक्त क्लोरीन, आणि त्याची जंतुनाशक शक्ती मुक्त क्लोरीनच्या मानाने फारच थोडी असते. येथे ऑर्थोटोलिडिनच्या परीक्षेत एक फसगत दडलेली आहे. थेंब टाकताच काही क्षणांत जो पिवळा रंग येतो तो मुक्त क्लोरीनचा. मिनिटभर थांबून पाहिल्यास संयुक्ताचाही पिवळेपणा त्यात मिसळतो. सावकाश वाचलेली नळी पाणी सुरक्षित असल्याचे सांगते, आणि ते तसे नसते.

उलट बाजूचा धोकाही सांगितला पाहिजे. १९७४ मध्ये रूक याने रॉटरडॅमच्या पाण्यात क्लोरीनमुळे क्लोरोफॉर्म तयार होतो असे दाखविले. भारतीय मानकातही आता त्याची मर्यादा लिटरला ०.२ मिलिग्रॅम अशी आहे. या भयाने भुकटीच बंद करणे म्हणजे दूरच्या शंकेपायी पटकीला दार उघडणे होय. त्याच मानकात मुक्त क्लोरीन किमान ०.२ मिलिग्रॅम असावे असे म्हटले आहे, आणि योगायोगाने आकडा तोच असला तरी एक कमाल आहे व दुसरे किमान. ‘औषध फार झाले’ या तक्रारीवरून मात्रा कमी करण्यापूर्वी नळीतला रंग कोणत्या क्षणी वाचला गेला, हे विचारणे अधिक युक्त ठरते.