दिनविशेष : लाल महालातली रात्र

५ एप्रिल १६६३. पुण्याचा लाल महाल तेव्हा मोगली सेनापतीचे ठाणे झाला होता. शहाजीराजांनी बांधलेल्या, शिवाजी महाराजांचे बालपण गेलेल्या या वाड्यात औरंगजेबाचा मामा शाइस्तेखान तळ ठोकून होता. १६६० मध्ये चाकणचा किल्ला घेताना त्याचे जवळपास दोन महिने गेले. त्याने कोकणात धाडलेला सरदार कारतलबखान १६६१ मध्ये उंबरखिंडीत पुरता कोंडला गेला.

छावणी प्रचंड, पहारा कडक. पण ज्याच्याशी लढायचे त्याच्याच घरात बिऱ्हाड थाटणे हा खानाचा गाफीलपणाच म्हणायचा. वाड्याचा कानाकोपरा महाराजांना पाठ होता.

रमजानचा महिना, मध्यरात्र. निवडक मावळ्यांसह महाराज मुदपाकखान्याकडची भिंत फोडून आत शिरले. खानाचा मुलगा अबुल फतह मारला गेला. खानाचे जिवावरचे बोटांवर निभावले. संतापलेल्या औरंगजेबाने त्याची बदली थेट बंगालच्या सुभ्यावर केली. ढाक्याच्या लालबाग किल्ल्याशी पुढे त्याचेच नाव जोडले गेले.

मूळ वाडा केव्हाच पडला. आजची वास्तू पुणे महापालिकेने १९८०च्या दशकात उभारली. शनिवारवाडा पाहायला गेलात, तर शेजारचा लाल महालही जरूर पाहा.