राक्षसाची हाडं

डॅलसच्या आसपास राहत असाल, तर हायवे ६३५ वरून मेस्कीटकडे जाताना टाउन ईस्ट मॉलजवळची काळ्या काचांची ठोकळेबाज इमारत तुम्ही नक्की पाहिली असेल. मीही कित्येक वर्षं तिच्याकडे न बघताच मॉलमध्ये गेले. माझ्या मुलीने गेम कंपन्यांना दाखवायला राक्षसांचा पोर्टफोलिओ करायला घेतला, तेव्हा कळलं की ‘डूम’ तिथे तयार झाला होता.

तुमच्याही घरी असं एखादं मूल असेल. रात्री दोनला स्क्रीनवर कुणाचे तरी सुळे कोरत बसलेलं. आणि तुम्ही दारात उभं राहून विचारत असाल, “यात नोकरी मिळते का गं?” म्हणून ही गोष्ट जरा मागून सांगते.

डूम आला डिसेंबर १९९३ मध्ये. आयडी सॉफ्टवेअरचे चित्रकार एड्रियन कार्मॅक यांनी त्यातले काही राक्षस चक्क मातीत घडवले होते. बॅरन ऑफ हेल आणि सायबरडीमन त्यातलेच. मूर्ती फिरत्या पाटावर ठेवायची, व्हिडिओ कॅमेऱ्याने निरनिराळ्या बाजूंनी टिपायची, मग ते चित्र संगणकात घेऊन ठिपका-ठिपका हाताने दुरुस्त करायचं. गेममध्ये त्रिमिती राक्षस नव्हताच. आठ दिशांची सपाट चित्रं होती, आणि तुम्ही कुठे उभे आहात ते बघून गेम त्यातलं एक दाखवायचा.

मातीची अडचण पेणच्या कुठल्याही मूर्तिकाराने सांगितली असती. गणपती एकाच आसनात बसतो, म्हणून टिकतो. हा राक्षस चालायचा होता. पाय पुन्हा पुन्हा वाकवले की माती खराब होणारच. म्हणून ग्रेगर पंचाट्झ यांच्याकडून आत धातूचा सांगाडा आणि वर लॅटेक्सची कातडी असलेले पुतळे करून घेतले. डूमच्या खोक्यावरचं चित्र त्यांच्या वडिलांचं, डॉन आयव्हन पंचाट्झ यांचं. बाप खोक्यावर, लेक खोक्याच्या आत!

पुढची उडी मला समजायला फार वेळ लागला. १९९६ साली स्टॅनफर्डच्या वेंकट कृष्णमूर्ती आणि मार्क लेवॉय यांनी एक शोधनिबंध मांडला. बारीक तपशिलाचं जड मॉडेल गेमला झेपत नाही. पण त्याचे उंचवटे एका चित्रात नोंदवून हलक्या मॉडेलवर चढवता येतात. प्रत्येक ठिपक्याला सांगायचं, “तू अमुक दिशेला कललेला आहेस असं समज आणि प्रकाश तसा परतव.” सुरकुती नसतेच, पण दिसते. याला नॉर्मल मॅप म्हणतात. २००४ च्या ‘डूम ३’ने ही युक्ती घरोघरी पोचवली.

आता ते जड मॉडेल कोरायचं कशाने? १९९९ मध्ये पिक्सोलॉजिक कंपनीने झीब्रश दाखवलं, तेव्हा ते खोली असलेल्या रंगांनी चित्र काढण्याचं साधन होतं. २००४ च्या दुसऱ्या आवृत्तीपासून ते खरं मूर्तिकाराच्या हातात आलं. पेन दाबला की माती उचलते, उलटा केला की खोदते. आणि ही माती कधी सुकत नाही, तडकत नाही.

मला वाटतं, गोची तिथेच आहे. मुलीच्या पहिल्या राक्षसाला खवले होते, रंध्रं होती, लाळेचे थेंबसुद्धा होते. एका स्टुडिओतल्या भल्या माणसाने एका ओळीत उत्तर पाठवलं: खांद्यात हाड कुठे आहे? दोन दिवस ती कुणाशी बोलली नाही. गेम कंपन्यांमध्ये २०२३ पासून किती कपात झाली, ते तुम्ही वाचलंच असेल; तिने स्वतःला मार्चपर्यंतची मुदत दिली होती आणि जानेवारी संपत आला होता.

तिसऱ्या दिवशी ती दुकानातून तार आणि माती घेऊन आली. पहिल्या पुतळ्याचा हात स्वयंपाकघरातल्या ओट्यावर गळून पडला. तारेचा सांगाडा तिने तीनदा नव्याने वळवला, आणि मग परत स्क्रीनकडे गेली.

नवा राक्षस करडा आहे, रंग नाही, एकही खवला नाही. पोर्टफोलिओत तो गोल फिरताना दिसतो. त्या व्हिडिओला आजही टर्नटेबलच म्हणतात. काल तिने मला तो मेस्कीटच्या वाटेवर, गाडीत, फोनवर दाखवला. हात वर उचलला की खांद्याचं हाड कातडीखाली सरकतं. अर्ज शुक्रवारी जातोय.