घसा आणि गाडी

पत्रा गंजू नये म्हणून घरच्या घरी मोटारीवर लेप फवारणारा गृहस्थ स्वतःला मिस्त्री समजतो. खरं तर तो कंपाउंडर! कारण हा फवारा गॅरेजात नव्हे, दवाखान्यात जन्मला. अमेरिकेत टोलेडो गावच्या डॉ. ॲलन डिव्हिल्बिस यांनी १८८७ च्या सुमारास रोग्यांच्या घशात औषधाचे तुषार उडवणारं यंत्र काढलं. चिरंजीव थॉमस यांनी १९०७ मध्ये त्याच युक्तीने रंगाची पिचकारी बनवली. तोवर मोटारींना ब्रशाने व्हार्निश फासत. हातावर हात वाळेपर्यंत आठवडे उलटत. १९२३-२४ च्या सुमारास झटपट वाळणारं ड्यूको लॅकर आलं आणि आठवड्यांचं काम तासांवर आलं. १९४९ मध्ये एडवर्ड सीमोर यांनी रंग फवाऱ्यासकट डब्यात कोंबला आणि कारखाना अंगणात उतरला.

गंमत बघा, घसा बरा करायला निघालेला फवारा हाती घेताना आता आधी घसाच सांभाळावा लागतो. आणि नुसता रुमाल बांधून भागत नाही हो, वाफ रुमालाला विचारत नाही! गाडी उघड्यावर घ्या, वाफ गाळणारा मास्क चढवा. पत्र्याला दुसरा हात देता येतो, फुप्फुसाला नाही.