जोकोविचचा दंड आणि आजीचा दंड

पुसेगाव म्हटलं की पुण्यातले लोक लगेच म्हणतात, "अरे वा, सेवागिरी महाराजांचं ना? जाऊन आलोय आम्ही यात्रेला." नाही हो! ते साताऱ्याचं. आमचं पुसेगाव हिंगोली जिल्ह्यातलं, सेनगाव तालुक्यातलं. हे वाक्य मी ऑफिसात इतक्यांदा बोललोय की आता त्याचं एक फंक्शन लिहून ठेवावं. असो.

तर जानेवारी २०२२ ला मी गावीच होतो. कोरोनाची तिसरी लाट, ऑफिसने पुन्हा घरून काम सुरू केलेलं. माळवदाच्या ज्या एका कोपऱ्यात रेंज येते तिथे मी लॅपटॉप मांडून बसायचो. एका खिडकीत बिल्ड चालू, दुसऱ्या खिडकीत मेलबर्नच्या बातम्या. बाबांनी आयुष्यात टेनिस पाहिलेलं नाही, पण तेही जेवताना विचारायचे, "त्या टेनिसवाल्याचं काय झालं रे? सोडलं का त्याला?"

विसरला असाल तर थोडक्यात सांगतो. नोवाक जोकोविच, तेव्हा जगात पहिल्या नंबरवर, नावावर २० ग्रँड स्लॅम. कोविडची लस न घेता ऑस्ट्रेलियन ओपन खेळायला ५ जानेवारीला मेलबर्नला उतरला. डिसेंबरात कोविड होऊन गेला म्हणून त्याला वैद्यकीय सूट मिळाली होती. विमानतळावर ती मानली नाही, व्हिसा रद्द. १० तारखेला कोर्टाने व्हिसा परत दिला. १४ ला मंत्री ॲलेक्स हॉक यांनी स्वतःच्या अधिकारात पुन्हा रद्द केला. १६ ला तीन न्यायाधीशांनी एकमताने सांगितलं की मंत्र्यांचा निर्णय कायद्यात बसतो, शिवाय खटल्याचा खर्चही गड्याच्याच माथी. त्याच रात्री तो विमानात!

आमच्या टीममध्ये चॅटवर दोन तट पडले होते. "त्याचं शरीर, त्याची मर्जी" आणि "नियम म्हणजे नियम". पण निकालाबद्दल वाचायला बसलो तेव्हा कळलं की भांडण या दोन्हीबद्दल नव्हतंच. हा माणूस रोग पसरवेल असा मंत्र्यांचा मुद्दा नव्हता. त्याच्यापासून होणारा धोका नगण्य आहे हे त्यांनी धरूनच चाललं होतं. त्यांचा मुद्दा वेगळा होता: हा इथे राहिला, खेळला, जिंकला, तर लस न घेणाऱ्यांना बळ मिळेल. म्हणजे त्याने काय केलं यापेक्षा त्याच्याकडे बघून लोक काय करतील, याची शिक्षा.

हे मला तेव्हा अन्यायाचं वाटलं होतं, आणि थोडं अजूनही वाटतं. फेब्रुवारीत बीबीसीच्या मुलाखतीत तो म्हणाला की मी लसविरोधी नाही, पण माझ्या शरीराचा निर्णय माझा, आणि त्यापायी स्पर्धा सोडाव्या लागल्या तरी चालतील. त्या वर्षीची यूएस ओपनही त्याने खरंच सोडली. किंमत मोजणाऱ्या माणसाला मी ढोंगी म्हणणार नाही. माझा राग आहे तो १८ डिसेंबर २०२१ वर. आपली टेस्ट पॉझिटिव्ह आल्याचं माहीत असूनही त्या दिवशी साहेब एका फ्रेंच क्रीडापत्राला मुलाखत आणि फोटो द्यायला गेले. पुढे त्यानेच ती चूक कबूल केली. लस नको म्हणणं ही एक गोष्ट. पण नको म्हटल्यावर दुसऱ्यापासून लांब राहण्याचं काम आपल्यावर दुप्पट येतं. ते टाळलं की "माझं शरीर" हा युक्तिवाद कोसळतो, कारण समोर बसलेल्या पत्रकारालाही शरीर होतं!

बाकी एक प्रश्न उरलाच. नावाजलेला माणूस दंड पुढे करतो की मागे घेतो, याने खरंच फरक पडतो का? गेले काही वीकांत मी याच नादात मुंबईच्या प्लेगबद्दल वाचतोय.

सप्टेंबर १८९६. मांडवीत डॉ. अकासियो व्हिएगस या मूळच्या गोव्याच्या डॉक्टरांनी प्लेग ओळखला. काही महिन्यांत अर्धी मुंबई पळाली. सरकारने कलकत्त्याहून वाल्डेमार हाफकिनला बोलावलं. हा ओडेसाचा ज्यू, पाश्चरच्या संस्थेत तयार झालेला. ग्रँट मेडिकल कॉलेजमधल्या एका खोलीत त्याने तीनेक महिन्यांत लस बनवली आणि १० जानेवारी १८९७ ला पहिली सुई स्वतःला टोचून घेतली. मात्राही पुढे लोकांना देणार होता त्याहून बरीच मोठी. सडकून ताप आला, पण काम थांबवलं नाही. (आम्ही स्वतःचा कोड स्वतः टेस्ट करायला कुरकुरतो.) महिनाअखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला तेव्हा साधारण निम्म्या कैद्यांनी टोचून घेतलं, निम्म्यांनी नाही. न टोचलेल्यांत लागण आणि मृत्यू स्पष्ट जास्त. कैद्याची 'स्वेच्छा' किती खरी, हा प्रश्न मात्र तेव्हा फारसा कोणी विचारला नसावा.

आकडे चांगले होते, तरी लोक तयार होईनात. सुईत काय आहे, गोऱ्याचा काय डाव आहे, अफवांना ऊत. इथे आगाखान तिसरे येतात. खोजा समाजाचे इमाम, वय अवघं १९. त्यांनी हाफकिनला कामासाठी आपलं एक मोठं घर दिलं, आणि आपल्या लोकांसमोर स्वतःला टोचून घेतलं, एकदा नाही, पुन्हा पुन्हा. मुंबईतले खोजे मोठ्या संख्येने पुढे आले. आता गंमत बघा. हॉकसाहेबांचा जो युक्तिवाद मला अन्यायाचा वाटला, त्याचीच ही उलटी बाजू. लोक बघतात आणि तसं करतात, हे १८९७ च्या मुंबईत खरं असेल तर मेलबर्नमध्ये खोटं कसं म्हणू?

त्याच वर्षी पुण्यात काय चाललं होतं ते शाळेत आपण सगळेच शिकलो. रँडची प्लेग कमिटी, घरात घुसणारे सोजीर, बायकांची तपासणी, आणि २२ जूनच्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकरांच्या गोळ्या. पुस्तकात तो क्रांतीचा धडा असतो. मला आता तो लसीचाही धडा वाटतो. जे सरकार देवघरात बुटासकट शिरतं, त्याच सरकारच्या सुईपुढे माणूस दंड कसा धरेल?

आणि नकार देणारे सगळे अडाणी होते असंही नाही. १९०२ मध्ये पंजाबातल्या मुल्कोवाल गावात हाफकिनची लस घेतलेले १९ जण धनुर्वाताने मेले. एकाच बाटलीतून टोचलेले. खापर हाफकिनवर फुटलं, नोकरी गेल्यात जमा. दोष प्रयोगशाळेचा नव्हता, बाटली उघडताना घाण शिरली होती, हे मान्य व्हायला १९०७ उजाडलं. त्या पाच वर्षांत एखाद्या बापाने "माझ्या पोराला नको" म्हटलं असेल, तर त्याला मी तरी नावं ठेवणार नाही.

देवीची लस याहून जुनी. १४ जून १८०२ ला मुंबईत ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला टोचली, ती भारतातली पहिली. तेव्हा बाटल्या नव्हत्या, फ्रीज नव्हते. लस इराककडून आली ती माणसांच्या दंडांवरून. एकाला टोचायचं, आठवडाभराने फोड पिकला की त्यातला द्रव दुसऱ्याला. ॲनाच्या दंडावरून मुंबईतली आणखी पाच मुलं, तिथून पुणे, सुरत, हैदराबाद, मद्रास. म्हणजे लस घेणारा प्रत्येक जण पुढच्याची बाटली! पुढे अडचण अशी व्हायची की आईबाप पोराला टोचून न्यायचे, पण आठव्या दिवशी परत आणायचेच नाहीत. फोडाला सुई लावून दुसऱ्याच्या पोरासाठी द्रव काढू द्यायला जीव होत नसे. आपल्या भाषेत, डाउनलोड सगळ्यांना हवं, सीडिंग नको :-)

आमच्या आजीच्या दंडावर देवीचा व्रण आहे, जुन्या दहा पैशांएवढा. ती 'लस टोचली' म्हणत नाही, 'देवी काढल्या' म्हणते. लहानपणी टोचणारा गावात आला की बाया लेकरं लपवायच्या. तिला तिच्या आईने कणगीच्या मागे बसवलं होतं. शिंक आली आणि पकडली गेली.

तीच आजी २०२१ च्या उन्हाळ्यात लस घ्यायला तयार नव्हती. "लस घेतली की दोन वर्षांत माणूस खपतो" हे व्हॉट्सॲप तिच्यापर्यंत शेजारच्या पोराच्या फोनवरून पोचलं होतं. मी तिला तासभर हर्ड इम्युनिटी समजावली, कागदावर आलेख काढून. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "तू घेतलीस का?"

मी घेतली नव्हती. मे महिन्यात स्लॉट मिळत नव्हता हे खरं. पण आता ऑगस्ट होता आणि शिबिर गावच्या शाळेत होतं. तेवीस वर्षांचा, तब्येत ठणठणीत, वर रिलीज तोंडावर, ताप आला तर कोण निस्तरणार? "मला काय होतंय," असं म्हणालो.

"मंग मला बी काय व्हतंय," ती म्हणाली आणि ज्वारी पाखडायला लागली.

शनिवारी दोघं शाळेत गेलो. सिस्टरने तिला दंड पुढे करायला सांगितलं. आजीने पदर सरकवून व्रण दाखवला, मग माझ्याकडे बोट केलं. "आधी याला टोच." वर्गाच्या दारात गावातली आठ-दहा माणसं उभी होती, सगळी माझ्याकडे बघत. मी बाही वर केली.

रात्री दोघांनाही ताप. तिचा सकाळपर्यंत उतरला, माझा रविवारी संध्याकाळी.