फुटबॉलचा प्लेऑफ म्हणजे काय? टेबलात पहिला येऊनही कप का हुकतो, समजून घ्या मुंबई सिटीच्या उदाहरणावरून

कुडपण (ता. पोलादपूर) : आपल्या डोंगरपट्ट्यात खेळ म्हटला की आधी कबड्डी, मग क्रिकेट. फुटबॉल आला तो मोबाईलवरून आणि मुंबईला असलेल्या पोरांकडून. मुंबई सिटीचा सामना असला की आता गावातही स्कोअर विचारला जातो. पण हंगाम संपत आला की एक प्रश्न हमखास येतो. पाच-सहा महिने खेळून जो संघ टेबलात पहिला आला, त्याला सरळ कप का देत नाहीत? परत सामने कशाला?

हे परतचे सामने म्हणजे प्लेऑफ. इंडियन सुपर लीगचे, म्हणजे आयएसएलचे, २०१४ ते २०२४-२५ असे ११ हंगाम झाले. त्यात टेबलात पहिल्या आलेल्या संघाने कपही उचलला असं फक्त ३ वेळा घडलं. बाकी ८ वेळा पहिला नंबर एक-दोन संध्याकाळीत मागे पडला. हे कसं होतं, नियम काय आहेत आणि पहिल्या नंबराचा मग उपयोग काय, ते खाली पाहू.

साखळी आणि बाद फेरी

लीगचे दोन भाग असतात. पहिला भाग साखळीचा. प्रत्येक संघ दुसऱ्या प्रत्येक संघाशी दोनदा खेळतो, एकदा आपल्या मैदानावर आणि एकदा त्यांच्या. जिंकलं तर ३ गुण, बरोबरी झाली तर १, हरलं तर शून्य. २०२३-२४ ला १२ संघ होते, म्हणून प्रत्येकाचे २२ सामने झाले. २०२४-२५ ला १३ संघ झाले, सामने २४.

दुसरा भाग बाद फेरीचा, म्हणजेच प्लेऑफ. साखळीतले गुण इथे बरोबर येत नाहीत. पाटी कोरी होते. आपल्याकडे मे महिन्यात चाकरमानी आले की ज्या स्पर्धा होतात, त्यात आधी गटाचे सामने आणि मग 'हरला तो घरी' असं असतं. तसंच हे.

सहा संघांचा हिशोब

सुरुवातीला आयएसएलमध्ये पहिले ४ संघ थेट उपांत्य फेरीत जायचे. २०२२-२३ पासून ६ संघ घेऊ लागले. ते असे :

• पहिला आणि दुसरा संघ थेट उपांत्य फेरीत.
• तिसरा विरुद्ध सहावा आणि चौथा विरुद्ध पाचवा, असा प्रत्येकी एकच सामना. तो वरच्या नंबराच्या संघाच्या मैदानावर. हरला तो बाहेर.
• उपांत्य फेरी दोन सामन्यांची, म्हणजे दोन लेगची. एक याच्या घरी, एक त्याच्या घरी. दोन्हीतले गोल मिळवून बेरीज करायची.
• अंतिम सामना एकच.

सगळे मिळून प्लेऑफचे ७ सामने होतात. बरोबरी राहिली तर ३० मिनिटं जादा वेळ. तरी निकाल नाही तर पेनल्टी शूटआऊट. आधी ५-५ पेनल्टी, तरी समान असेल तर एकेक मारत राहायचं, कोणीतरी चुकेपर्यंत.

ज्यांनी प्रो कबड्डी पाहिली आहे त्यांना हे ओळखीचं वाटेल. तिथेही २०१९ च्या सातव्या हंगामापासून बरीच वर्षं ६ संघांची हीच रीत होती. आयपीएलचं मात्र वेगळं आहे. तिथे पहिले दोन संघ आपसात खेळतात आणि त्यात हरणाऱ्याला आणखी एक संधी मिळते. आयएसएलमध्ये दुसरी संधी कोणालाच नाही.

मुंबई सिटीची तीन वर्षं

नियम वाचून जे कळत नाही ते मुंबई सिटीच्या तीन हंगामांवरून कळतं.

२०२०-२१ : कोरोनामुळे सगळा हंगाम गोव्यात, रिकाम्या मैदानांवर झाला. साखळी संपली तेव्हा मुंबई सिटी आणि एटीके मोहन बागान दोघांचे ४० गुण. समान गुण झाले की आधी आपसातले सामने बघतात. मुंबईने बागानला दोन्ही वेळा हरवलं होतं, म्हणून पहिला नंबर मुंबईचा. उपांत्य फेरीत एफसी गोवाबरोबर पहिला सामना २-२, दुसरा ०-०. शेवटी पेनल्टीवर मुंबई ६-५ ने सुटली. १३ मार्च २०२१ ला फातोर्ड्यात पुन्हा समोर बागान. त्यांनी आधी गोल केला, मग त्यांच्याच बचावपटूकडून स्वयंगोल झाला आणि ९० व्या मिनिटाला बिपिन सिंगने गोल मारला. २-१. पहिला नंबर पण आणि कप पण.

२०२२-२३ : या वर्षी मुंबई आणखी जोरात होती. पहिल्या १८ सामन्यांत एकही हार नाही. २० सामन्यांत ४६ गुण घेऊन पहिला नंबर. उपांत्य फेरीत समोर बेंगळुरू एफसी. ७ मार्चला अंधेरीच्या मैदानावर सुनील छेत्रीने हेडरने गोल केला आणि मुंबई घरच्या मैदानावर ०-१ हरली. १२ मार्चला बेंगळुरूत मुंबईने २-१ ने जिंकलं, पण बेरीज २-२ झाली. पेनल्टीवर बेंगळुरू ९-८. एका पेनल्टीने सगळा हंगाम गेला.

२०२३-२४ : या वेळी उलटं झालं. १५ एप्रिल २०२४ ला कोलकात्याच्या सॉल्ट लेक मैदानावर साखळीचा शेवटचा सामना होता. मुंबईला पहिला नंबर घ्यायला बरोबरीसुद्धा पुरली असती. मोहन बागानने २-१ ने जिंकलं. त्यांचे गुण ४८, मुंबईचे ४७. मग उपांत्य फेरीत गोव्यात मुंबई ९० व्या मिनिटाच्या तोंडावर ०-२ मागे होती. तिथून शेवटच्या काही मिनिटांत ३ गोल केले आणि ३-२ ने जिंकली. त्यातले दोन लल्लिआनझुआला छांगतेचे, एक विक्रम प्रताप सिंगचा. घरच्या मैदानावर परत २-०. ४ मे ला अंतिम सामना, मैदान तेच सॉल्ट लेक, संघ तोच बागान. साठ हजारांवर लोक, बहुतेक सगळे बागानचे. पहिला गोलही बागानचाच. तरी मुंबईने ३-१ ने कप नेला. एका गुणाने नंबर गेला होता, तो राग १९ दिवसांनी त्याच मैदानावर निघाला.

शेतकऱ्याला हे वेगळं सांगायला नको. आवणी, बेणणी सगळं वेळेवर केलं आणि कापणीच्या दोन दिवसांत पाऊस आला तर हातात काय राहतं, ते आपल्याला ठाऊक आहे. प्लेऑफ म्हणजे कापणीचे ते दोन दिवस.

पहिला आलेल्यांचं पुढे काय झालं? (२०१४ ते २०२४-२५)

• २०१४ : चेन्नईयिन पहिला, उपांत्य फेरीत बाद
• २०१५ : एफसी गोवा पहिला, अंतिम सामन्यात घरच्या मैदानावर हार
• २०१६ : मुंबई सिटी पहिली, उपांत्य फेरीत बाद
• २०१७-१८ : बेंगळुरू पहिला, अंतिम सामन्यात घरच्या मैदानावर हार
• २०१८-१९ : बेंगळुरू पहिला, कप जिंकला
• २०१९-२० : एफसी गोवा पहिला, उपांत्य फेरीत बाद
• २०२०-२१ : मुंबई सिटी पहिली, कप जिंकला
• २०२१-२२ : जमशेदपूर पहिला, उपांत्य फेरीत बाद
• २०२२-२३ : मुंबई सिटी पहिली, उपांत्य फेरीत बाद
• २०२३-२४ : मोहन बागान पहिला, अंतिम सामन्यात घरच्या मैदानावर हार
• २०२४-२५ : मोहन बागान पहिला, कप जिंकला

यादी नीट बघा. अंतिम सामना घरच्या मैदानावर आला तरी तीन वेळा पहिला नंबर हरला आहे. घरचं मैदान मदत करतं, हमी देत नाही.

मग पहिला नंबर कशाला?

आधी खरंच काही मिळत नव्हतं. पहिली पाच वर्षं टेबलात पहिला आलेला संघ प्लेऑफमध्ये हरला की हात हलवत घरी. २०१९-२० पासून त्याच्यासाठी वेगळा मान सुरू झाला, लीग शिल्ड. म्हणजे आता ट्रॉफ्या दोन. साखळीत पहिला त्याला शिल्ड, प्लेऑफ जिंकला त्याला कप.

आणि शिल्ड नुसती शोभेची नाही. आशियातल्या मोठ्या स्पर्धेचं दार शिल्डने उघडतं. मुंबई सिटीला २०२०-२१ च्या शिल्डमुळे एएफसी चॅम्पियन्स लीगमध्ये जागा मिळाली. ११ एप्रिल २०२२ ला रियाधमध्ये तिने इराकच्या एअर फोर्स क्लबला २-१ ने हरवलं. त्या स्पर्धेत भारतीय क्लबने जिंकलेला तो पहिला सामना. निर्णायक गोल हेडरने केला मुंबईकर राहुल भेकेने.

हा भेके प्लेऑफच्या गोष्टीतही पक्का आहे. १७ मार्च २०१९ ला अंधेरीतच अंतिम सामना झाला, बेंगळुरू विरुद्ध गोवा. ९० मिनिटं ०-०. जादा वेळेत ११७ व्या मिनिटाला कॉर्नरवर हेडर मारून भेकेने बेंगळुरूला कप दिला. पुढे २०२४ ला सॉल्ट लेकवर मुंबईचा कप उचलणारा कर्णधारही तोच. बचावात खेळणारा आपल्या राज्याचा खेळाडू, आणि मोठ्या दिवशी दोन्ही वेळा मैदानात.

महाराष्ट्राचा दुसरा संघ एफसी पुणे सिटी. तो एकदाच, २०१७-१८ ला प्लेऑफमध्ये पोचला. पुण्यात ०-० आणि बेंगळुरूत १-३. छेत्रीने तिन्ही गोल मारले. २०१९ ला तो संघच बंद झाला आणि त्याची जागा हैदराबादला गेली. हैदराबादने २०२१-२२ चा कप जिंकलासुद्धा.

मैदान सोडलं की सामना गेला

आपल्या स्पर्धांच्या दृष्टीने एक सामना मुद्दाम लक्षात ठेवा. ३ मार्च २०२३, बेंगळुरू विरुद्ध केरळा ब्लास्टर्स, एकाच सामन्याची बाद फेरी. ९० मिनिटं ०-०. जादा वेळेत छेत्रीने फ्री किक झटकन मारली, केरळाचे खेळाडू अजून भिंत लावत होते. पंचाने गोल दिला. केरळाच्या प्रशिक्षकाने चिडून सगळा संघ बाहेर बोलावला. अजून वीसेक मिनिटं खेळ बाकी होता, बरोबरी साधता आली असती. ते परत आले नाहीत. सामना बेंगळुरूला दिला गेला आणि वर महासंघाने केरळाला ४ कोटी रुपये दंड केला.

आपल्याकडेही पंचाशी वाद झाला की संघ बाहेर बसवायची सवय आहे. पंच चुकला का बरोबर, हा वाद नंतर करता येतो. खेळायची संधी मात्र नंतर मिळत नाही.

प्लेऑफ असावा की नसावा?

इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये प्लेऑफ नाही. साखळीत पहिला तोच विजेता. अमेरिकेच्या लीगमध्ये प्लेऑफ आहे, आणि आपली आयएसएल त्या वाटेने गेली. प्लेऑफच्या बाजूने बोलणारे म्हणतात, सहावा संघसुद्धा शेवटपर्यंत आशा ठेवतो, म्हणून शेवटचे साखळी सामने रटाळ होत नाहीत. विरोधातले म्हणतात, २० सामन्यांची मेहनत एका पेनल्टीवर का टांगायची? सहाव्या नंबराची आशा मात्र फार धरू नये. २०२४-२५ ला मुंबई सिटी सहावी आली. २९ मार्च २०२५ ला बेंगळुरूत ०-५ हरून बाहेर पडली.

नंतर तर लीगच अडचणीत आली. महासंघ आणि आयोजक कंपनीचा करार संपत आला, म्हणून जुलै २०२५ ला पुढचा हंगाम थांबवला गेला. मग जानेवारी २०२६ मध्ये केंद्रीय क्रीडामंत्र्यांनी जाहीर केलं की १४ फेब्रुवारीपासून १४ क्लबांची लीग होईल, एकूण ९१ सामने. हिशोब करा. १४ संघ एकमेकांशी एकदाच खेळले की बरोबर ९१ सामने होतात. म्हणजे त्यात प्लेऑफला एकही सामना उरत नाही.

गावच्या स्पर्धेसाठी

मंडळांनी यातून घेण्यासारखं आहे. ६ संघ असतील तर सगळ्यांनी एकमेकांशी खेळायला १५ सामने लागतात. वरच्या ४ संघांची उपांत्य फेरी आणि अंतिम सामना धरला की आणखी ३. एकूण १८. तीन दिवसांत, दिवसाला सहा, आरामात बसतात. ८ संघ झाले तर साखळीलाच २८ सामने होतात. तेव्हा दोन गट पाडलेले बरे. प्रत्येक गटात ६ म्हणजे १२ सामने, वर बाद फेरीचे ३.

दोन गोष्टी मात्र आधीच कागदावर लिहून सगळ्या संघांच्या सह्या घ्या. गुण समान झाले तर आधी काय बघणार, आपसातला सामना की गोलफरक? आणि मैदान सोडलं तर काय होणार? भांडणं होतात ती बहुतेक इथेच.

आणि कप देताना साखळीत पहिला आलेल्या संघालाही वेगळी ढाल द्या, छोटी का असेना. सगळे सामने चांगलं खेळून शेवटी एका पेनल्टीवर गेलेल्या पोरांनी रिकाम्या हाताने घाट चढू नये. आयएसएलला हे सुचायला पाच हंगाम लागले. आपण पहिल्याच वर्षी करू शकतो.