माळ महागते कुठून? एलाच्या कृषी संशोधन संस्थेची वाटचाल

गोवा 1961 च्या डिसेंबरात मुक्त झाला. तिथल्या शेतीचा अभ्यास करणारं केंद्र सरकारचं संशोधन केंद्र यायला मात्र 1976 साल उजाडलं. तेही स्वतंत्र नव्हतं. केरळातल्या कासारगोडच्या रोपवन पीक संशोधन संस्थेची एक शाखा म्हणून जुन्या गोव्यात एला इथे ते सुरू झालं. 1983 साली त्याच आवारात कृषी विज्ञान केंद्र आलं. 1 एप्रिल 1989 रोजी शाखेचं रूपांतर भारतीय कृषी अनुसंधान परिषदेच्या गोवा संशोधन संकुलात झालं आणि बरोबर 25 वर्षांनी, 1 एप्रिल 2014 ला, तिला आजचं नाव मिळालं : केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्था. गोव्यापुरतं पाहणाऱ्या संस्थेकडे आता देशाच्या साऱ्या किनारपट्टीची शेती आली.

या संस्थेचं नाव निघालं की लोक खाजन जमिनीत खारं पाणी सोसून उभं राहणारं भात आठवतात, काजू आठवतात. ती कामं मोठी आहेतच. मला लिहायचं आहे ते तिच्या वराहपालन विभागाबद्दल. ज्याच्याशी हा विभाग जोडलेला आहे तो पदार्थ म्हणजे चोरीस-पाव, पावाबरोबर खायचं डुकराचं मुरवलेलं मांस. गोव्यातला सामान्य माणूस तो रोज संध्याकाळी गाड्यावर उभा राहून खातो आणि दरवर्षी त्याची किंमत वाढल्याची तक्रार करतो.

मराठवाड्यातल्या खुलताबादेत बसून हे लिहिण्याला कारण आहे. आमच्या तालुक्यात आणि शेजारच्या कन्नड, सिल्लोड, फुलंब्री पट्ट्यात खरिपात मका मोठ्या प्रमाणावर होतो. हा मका माणसाच्या ताटात फार कमी जातो. तो जातो कोंबडीच्या, गुरांच्या आणि डुकरांच्या खाद्यात, स्टार्चच्या कारखान्यात आणि अलीकडे इथेनॉलच्या भट्टीत. मोंढ्यात मक्याचा भाव हलला की त्याचा धक्का शेकडो किलोमीटरवरच्या तव्यापर्यंत पोचतो. मराठवाड्यातही काही समाजांच्या घरी डुकराचं मटण पिढ्यान्‌पिढ्या शिजतं, पण त्याला अजून मोकळेपणाने बाजारात जागा मिळालेली नाही, आणि त्याच्या दराची चर्चा वर्तमानपत्रात होत नाही. गोव्यात ती होते. म्हणून महागाईचा हा धागा तिथूनच धरावा लागतो.

चोरीस म्हणजे डुकराच्या मांसाचे आणि चरबीचे बारीक तुकडे. त्यांना मीठ लावून पाणी काढायचं, मग लाल मिरची, मिरी, आलं-लसूण, हळद आणि माडाच्या सुरेचं व्हिनेगर यांत मुरवायचं, काहीजण वरून फेणीही शिंपडतात. मुरलेलं मांस आतड्यात भरून दोऱ्याने गाठी मारायच्या आणि माळा उन्हात किंवा चुलीवरच्या धुरात वाळवायच्या. पावसाळ्याच्या चार महिन्यांची बेगमी, म्हणजे पुरुमेंत, करताना सुक्या मासळीबरोबर या माळाही घरात यायच्या. आगशी गाव चोरिसांसाठी ओळखलं जातं, आणि म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात माळा टांगून बसलेल्या बाया अजून दिसतात. गाड्यावर हेच चोरीस फोडून कांद्याबरोबर परततात. तेल घालावं लागत नाही, मांसातली चरबी सुटते आणि तिच्यातच सगळं तळलं जातं. ही चरबी या पदार्थाचा प्राण आहे, आणि डुकराच्या जातीचा प्रश्न इथेच सुरू होतो.

जुन्या गोव्यात ख्रिस्ती कुटुंबाच्या परसात एक-दोन डुकरं असायचीच. घरातलं उष्टं, फणसाच्या आठळ्या, कोंडा, पेज आणि परसातल्या शौचकूपाची घाण यांवर ती वाढत. त्यांच्या खाद्याला रोख पैसा लागत नसे, त्यामुळे चोरिसाची खरी किंमत कुणी कधी मांडलीच नव्हती. घराघरात सेप्टिक टाक्यांचे संडास आले आणि ते डुक्कर परसातून गेलं. आरोग्याच्या दृष्टीने हे अतिशय चांगलं झालं. पण त्याबरोबर प्रत्येक घराचा फुकटचा मांसपुरवठाही संपला. मागणी तेवढीच राहिली, पर्यटकांमुळे वाढलीही, आणि मांस शेजारच्या राज्यांतून येऊ लागलं. परसातल्या प्राण्यावर चालणारा पदार्थ ट्रकवर अवलंबून राहिला.

एलाच्या संस्थेने याच काळात वराहपालनाचं काम हाती घेतलं. देशपातळीवर 1970-71 मध्ये अखिल भारतीय समन्वित वराह संशोधन प्रकल्प सुरू झाला होता, पुढे गोव्यातही त्याचं केंद्र झालं. संस्थेसमोर दोन जनावरं होती. एक विलायती लार्ज व्हाइट यॉर्कशायर : पांढरं, लांबलचक, झपाट्याने वजन धरणारं, एका वेतात जास्त पिल्लं देणारं, पण चांगलं खाद्य आणि निगा मागणारं. दुसरं इथलं गावठी : काळं, लांब तोंडाचं, काटक, सावकाश वाढणारं, चरबीला चांगलं. काणकोण तालुक्यातल्या आगोंद गावाच्या नावाने या गावठी डुकराची ‘आगोंदा गोवन’ अशी स्वतंत्र जात म्हणून राष्ट्रीय नोंदणी झाली. कुणी ढुंकूनही न पाहिलेल्या जनावराला देशाच्या पशुधनाच्या यादीत नाव मिळालं, ही मला या वाटचालीतली सर्वांत मोलाची गोष्ट वाटते. नोंद झाली म्हणजे जतन करण्याची जबाबदारी आली, कळप राखावा लागला, मोजमापं घ्यावी लागली. या दोन जातींच्या संकरातून वाढही बरी आणि काटकपणाही शिल्लक, असं जनावर शेतकऱ्याच्या हाती देण्याचा प्रयत्न झाला.

पिल्लं मिळणं हीच या धंद्यातली खरी अडचण असते. चार-पाच माद्या पाळणाऱ्याला चांगला नर ठेवणं परवडत नाही. तो वर्षभर खातो आणि उपयोगाला येतो मोजके दिवस. यावर कृत्रिम रेतनाचा मार्ग आहे, पण डुकराचं वीर्य गाईम्हशींसारखं गोठवून वर्षानुवर्षं ठेवणं सोपं नाही. ते पातळ स्वरूपात साधारण 17 अंश सेल्सिअसला राखावं लागतं आणि थोड्याच दिवसांत वापरावं लागतं. म्हणजे वीर्य जवळच तयार झालं पाहिजे. एलाहून ते गोव्यातल्या पाळणाऱ्यांपर्यंत पोचवण्याचं काम बाहेरून फारसं दिसत नाही, पण नर पाळण्याचा खर्च त्याने वाचतो. मादी 114 दिवस गाभण राहते, पिल्लू दोन महिन्यांनी आईपासून तोडतात आणि कापण्याजोगं वजन यायला पुढे आणखी सहा ते आठ महिने जातात. पुढच्या उन्हाळ्यातल्या माळेसाठी लागणाऱ्या पिल्लाची तयारी आधीच्या पावसाळ्यापूर्वी करावी लागते. बाजारात टंचाई दिसल्यावर घाई करून उपयोग नसतो.

मग येतो खाद्याचा खर्च. डुक्कर वाढवण्याच्या एकूण खर्चात खाद्याचा वाटा जवळजवळ 70 टक्के असतो आणि एक किलो वजन वाढायला साधारण तीन ते चार किलो खाद्य लागतं. संस्थेला नवं नाव मिळालं त्या 2014-15 च्या हंगामात मक्याचा हमीभाव क्विंटलला 1310 रुपये होता, 2025-26 साठी तो 2400 झाला. 2021 मध्ये सोयापेंड इतकी कडाडली की ऑगस्टमध्ये केंद्राला 12 लाख टन आयातीला परवानगी द्यावी लागली. 2023 च्या डिसेंबरात उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर बंधनं आली आणि मद्यार्क कारखाने मक्याकडे वळले. खाद्य असं महागत गेलं, म्हणून मका स्वस्त व्हावा, असा अर्थ कुणी काढू नये. जाहीर झालेला हमीभाव बाजार समितीत मिळतोच असं नाही, आणि खुलताबादच्या कोरडवाहू शेतकऱ्याच्या पोटावर पाय देऊन गोव्याचा चोरीस-पाव स्वस्त करणं मला मान्य नाही. खाद्याचा दुसरा मार्ग शोधायला हवा.

तो मार्ग गोव्यात समोरच आहे : हॉटेलांचं उरलेलं अन्न. अनेक पाळणारे रोज पिंपं भरून ते आणतात आणि त्यामुळेच त्यांचा धंदा तगून आहे. पण इथेच सगळ्यात मोठा धोकाही आहे. आफ्रिकन स्वाइन फिव्हर हा रोग भारतात 2020 मध्ये आसाम आणि अरुणाचल प्रदेशात पहिल्यांदा आढळला, 2022 मध्ये तो केरळातल्या वायनाडपर्यंत पोचला. माणसाला त्यापासून अपाय नाही, पण डुकराला त्यावर औषध नाही, आणि रोग दिसला की परिसरातली सगळी डुकरं मारून पुरावी लागतात. हा विषाणू खारवलेल्या, वाळवलेल्या मांसातही टिकतो. हॉटेलच्या पिंपात डुकराच्या न शिजलेल्या मांसाचा एखादा तुकडा गेला तरी पुरतो. देशातली डुकरांची संख्या 2019 च्या पशुगणनेत आधीच 12 टक्क्यांनी घटून 90 लाखांवर आली होती. त्यावर हा घाव बसला. राज्यांनी वाहतुकीवर बंधनं घातली, आणि ज्या गोव्याचं मांस ट्रकने येतं तिथे अशा प्रत्येक बंदीचा भार माळेच्या दरावर पडतो.

यावर उपाय साधा आहे : पिंपातलं अन्न डुकरापुढे टाकण्याआधी चांगलं उकळायचं. पण उकळायला मोठं भांडं, जळण आणि रोजची मेहनत लागते. चार माद्यांच्या पाळणाऱ्याने ते एकट्याने करावं ही अपेक्षा जड आहे.

चोरीस मुरवायला लागणाऱ्या सुरेच्या व्हिनेगरचीही मांसासारखीच टंचाई झाली. माडावर चढणारे रेंदेर कमी झाले, खरं व्हिनेगर महागलं आणि कारखान्यातल्या ॲसिटिक आम्लाने त्याची जागा घेतली. स्वस्त माळ आणि चांगली माळ यांत फरक पडू लागला तो बराचसा इथून.

गाड्यावरच्या बाईने दोन चोरीस कमी घातले म्हणून तिच्यावर चिडणं सोपं आहे. तिच्या हातात दराचा फार थोडा भाग असतो. बाकीचा दर पिल्लात, मक्यात, रोगाच्या भीतीत आणि ट्रकच्या भाड्यात आधीच ठरून गेलेला असतो. यातली पिल्लाची बाजू एलाच्या संस्थेने बऱ्यापैकी सावरली. खाद्याची बाजू तिच्या एकटीच्या आवाक्यातली नाही. हॉटेलांकडून अन्न वेगळं करून घेणं, ते गावोगावी एकत्र उकळण्याची सोय करणं आणि तिथूनच पाळणाऱ्यांना वाटून देणं ही कामं पंचायतींची आणि पशुसंवर्धन खात्याची आहेत. आगोंदा गोवनसारखं काटक जनावर अशा शिजवलेल्या उष्ट्यावरही वाढतं. त्याच्या कळपांसाठी पाळणाऱ्यांना थेट मदत मिळाली, तर ट्रकने येणाऱ्या मांसावरचा भार काही प्रमाणात तरी गोव्यातच उचलता येईल.