वायफाय सापडत नाही! लिनक्सच्या ड्रायव्हरांची गोष्ट

हा आपल्या पॉडकास्टच्या ताज्या भागाचा मजकूर. बोलताना जिथे अडखळले ते काढलंय, बाकी जवळपास तसंच ठेवलंय. ट्रेनमध्ये नेट गेलं तर वाचता यावं म्हणून.

सुरुवात माझ्याच एका फजितीपासून. पुण्यात हॉस्टेलला होते. सेकंडहँड लॅपटॉप घेतला होता, तो इतका रडतखडत चालायचा की चहा करून येईपर्यंत डेस्कटॉप दिसायचा. वरच्या मजल्यावर एक सीनियर होती, आम्ही सगळ्या तिला ताईच म्हणायचो. ती म्हणाली, "अगं, लिनक्स टाक, पळेल." टाकलं. पळालाही. फक्त वरच्या कोपऱ्यात वायफायचं चिन्हच नव्हतं. म्हणजे नेटवर्क सापडत नाही असं नाही, लॅपटॉपला आपल्याकडे वायफाय कार्ड आहे हेच माहीत नव्हतं.

उपाय काय? ड्रायव्हर डाउनलोड करा. कशावरून? नेटवरून. आणि नेट कशावर? वायफायवर! तेव्हा माझ्याकडे स्मार्टफोन नव्हता, त्यामुळे केबल लावून फोनचं नेट घेणं वगैरे नाहीच. पेनड्राइव्ह घेऊन सायबर कॅफेत गेले, फाइल आणली. लॅपटॉप म्हणाला, याच्यासाठी आणखी एक फाइल लागेल. परत कॅफे. मग तिसरी. तीन फेऱ्यांनंतर वायफाय लागलं, आणि त्या आनंदात मी ग्राफिक्स कार्डाचाही 'चांगला' ड्रायव्हर टाकला. रीस्टार्ट. काळी स्क्रीन, डाव्या कोपऱ्यात लुकलुकणारी एक रेघ. दुसऱ्या दिवशी सबमिशन. शेवटी ताईनेच सुरू होतानाच्या मेनूत 'नोमोडसेट' हा एक शब्द टाइप करून स्क्रीन परत आणली. कंपन्यांची नावं घेत नाही, त्या रात्री भरपूर घेतली होती.

पण एक प्रश्न डोक्यात राहिला. कीबोर्ड चालतो, माउस चालतो, तारेचं नेट चालतं. मग नेमकं वायफाय आणि ग्राफिक्सच का अडतं? याचं उत्तर तांत्रिक कमी आणि इतिहासाचं जास्त आहे.

ड्रायव्हर म्हणजे दुभाष्या. ऑपरेटिंग सिस्टिम म्हणते "हे पाठव", चिपला कळतं फक्त "अमुक पत्त्यावर तमुक आकडा लिही". हे पत्ते आणि आकडे चिप बनवणाऱ्या कंपनीच्या कागदपत्रांत असतात. ती कागदपत्रं मिळाली तर कोणीही हुशार माणूस ड्रायव्हर लिहू शकतो. नाही मिळाली तर बसा डोकं खाजवत.

या भांडणाचं मूळ लिनक्सच्याही आधीचं आहे, आणि ते एका प्रिंटरात आहे. साधारण १९८०. अमेरिकेतल्या एमआयटीच्या प्रयोगशाळेला झेरॉक्स कंपनीने लेझर प्रिंटर दिला. आपल्याकडे झेरॉक्स म्हणजे कोपऱ्यावरचं दुकान, पण ही मूळ कंपनी. प्रिंटरमध्ये कागद अडकायचा. तिथे काम करणाऱ्या रिचर्ड स्टॉलमनने जुन्या प्रिंटरच्या प्रोग्राममध्ये एक सोय केलेली होती: कागद अडकला की वाट पाहणाऱ्यांना निरोप जायचा. नव्या प्रिंटरलाही तसंच करू म्हटलं तर त्याचा सोर्स कोडच नव्हता. कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या एकाकडे तो होता. स्टॉलमन त्याच्याकडे गेला, तर तो म्हणाला, देणार नाही, मी तसं लिहून दिलंय. १९८३ मध्ये स्टॉलमनने ग्नू प्रकल्प जाहीर केला त्यामागे असे अनुभव होते. अडकलेला कागद एवढा महागात पडेल असं झेरॉक्सला वाटलं नसेल.

मग १९९१. फिनलंडमधला विद्यार्थी लिनस टॉरव्हाल्ड्स लिनक्सचा गाभा लिहितो. नव्वदच्या दशकात तारेच्या नेटवर्क कार्डांचं फारसं अडलं नाही, आणि त्याचं मोठं श्रेय डोनाल्ड बेकर या एका माणसाला जातं. तो नासाच्या गोडार्ड केंद्रात होता. स्वस्त पीसी जोडून महासंगणकासारखं काम करून घ्यायचं, हा त्या मंडळींचा उद्योग, त्यासाठी बेकरने एकामागून एक इथरनेट ड्रायव्हर लिहिले. कार्डं साधी होती आणि त्यांची माहिती बऱ्यापैकी मिळायची.

वायफायचं पहिलं मानक आलं १९९७ मध्ये, दोन वर्षांनी ८०२.११बी. मार्च २००३ मध्ये इंटेलने सेंट्रिनो आणलं आणि लॅपटॉपमध्ये वायफाय असणं नेहमीचं होऊ लागलं. आणि तेव्हा लिनक्सवाल्यांसाठी इंटेलचा ड्रायव्हर तयार नव्हता.

कंपन्या अडून का बसल्या होत्या? एक कारण मला थोडंफार पटतं. वायफाय म्हणजे रेडिओ. कोणत्या देशात कोणत्या चॅनलवर किती ताकदीने बोलायचं याचे कायदे आहेत. अमेरिकेत २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यात ११ चॅनल वापरतात, युरोपात १३. आपल्याकडे तर हा पट्टा परवान्याशिवाय वापरायला मोकळा झाला तोच २००५ मध्ये. कंपन्या म्हणायच्या, ड्रायव्हर उघडा केला तर लोक ताकद वाढवतील आणि सरकार आम्हाला धरेल. दुसरं कारण पैशाचं. कार्डावर कायमस्वरूपी मेमरी बसवायची तर खर्च. त्यापेक्षा कार्डाचा आतला प्रोग्राम, म्हणजे फर्मवेअर, दर वेळी सुरू होताना कॉम्प्युटरनेच त्यात ओतायचा. पण ती फर्मवेअरची फाइल कंपनीची. ती वाटायची परवानगी नसेल तर लिनक्सच्या सीडीत घालता येत नाही. माझ्या तीन फेऱ्यांतली एक याच फाइलसाठी होती!

आता या काळातली मला सगळ्यात भारी वाटणारी गोष्ट. २००३ मध्ये एनडीआयएसरॅपर नावाचा प्रकार आला. युक्ती अशी: लिनक्सचा ड्रायव्हर नाही ना? विंडोजचाच ड्रायव्हर घ्या आणि त्याला लिनक्सच्या आत असं वाटू द्या की तो विंडोजमध्येच आहे. नाटकाच्या सेटवर खोटी खिडकी लावतात ना, तसं. हे चालायचं! गाभ्यात काम करणाऱ्यांना ते अजिबात आवडायचं नाही, कारण काही बिघडलं तर आत काय चाललंय ते कोणालाच दिसत नाही. पण हॉस्टेलमध्ये बसलेल्या पोरांना मेल बघायचा असायचा, त्यांना कुठे तत्त्वाशी घेणं.

त्याच वर्षी एक गंमत झाली. लिंकसिसचा डब्ल्यूआरटी५४जी नावाचा निळा-काळा राउटर प्रचंड खपत होता. लोकांनी खोदून पाहिलं तर आत लिनक्स निघालं. लिनक्सचा परवाना सांगतो, वापरा, विका, पण सोर्स कोड मागितला तर द्या. बराच गलका झाल्यावर २००३ मध्ये कंपनीने कोड दिला, आणि त्यातून पुढे ओपनडब्ल्यूआरटी जन्मलं. पण त्या राउटरमधली वायफाय चिप होती ब्रॉडकॉमची, आणि तिचा ड्रायव्हर तेवढा बंद डब्यातच राहिला. म्हणजे बघा, राउटरमध्ये ब्रॉडकॉमची चिप लिनक्सवर मजेत चालतेय, आणि लॅपटॉपवाल्याला मात्र "लिनक्सला आधार नाही".

मग काही जणांनी ठरवलं, कागदपत्रं देत नाहीत तर आपणच लिहू. पण ड्रायव्हर उलगडून सरळ नक्कल केली तर कोर्टात अडकाल. म्हणून दोन गट केले. पहिला गट बंद ड्रायव्हर उलगडून वाचणार आणि चिप कशी वागते याचं साध्या भाषेत वर्णन लिहिणार. दुसरा गट मूळ ड्रायव्हरकडे ढुंकूनही पाहणार नाही, फक्त ते वर्णन वाचून नवा कोड लिहिणार. ही पद्धत जुनी आहे, ऐंशीच्या दशकात कॉम्पॅकने आयबीएमच्या पीसीची जोड अशीच बनवली होती. फरक एवढा, की कॉम्पॅककडे पगारी इंजिनियर होते आणि इथे लोक आपापली कामं सांभाळून रात्री बसत होते. जून २००६ मध्ये हा ड्रायव्हर लिनक्स २.६.१७ मध्ये दाखल झाला. तरी फर्मवेअर उरलंच. त्यासाठी एक 'कातरी' बनवली, म्हणजे तुमच्याच विंडोज ड्रायव्हरातून फर्मवेअरचा तुकडा कापून घेणारा प्रोग्राम. चार वर्षांनी, २०१० मध्ये, ब्रॉडकॉमने स्वतःचा उघडा ड्रायव्हर दिला, तोही फक्त नव्या चिपांसाठी.

अथेरॉसचंही असंच. आधी बंद तुकडा, मग ओपनबीएसडीवाल्यांनी उलगडून लिहिलेला पर्याय, आणि २००८ मध्ये कंपनीच शरण आली, नव्या चिपांचा पूर्ण ड्रायव्हर उघडा करून टाकला. रेडिओच्या कायद्याचं काय झालं म्हणाल, तर लिनक्सने देशवार नियमांची यादी ठेवण्याची सोय केली. जग बुडालं नाही.

ग्राफिक्सची लढाई याहून चिवट. ग्राफिक्सचा ड्रायव्हर म्हणजे नुसता दुभाष्या नाही, त्याच्या आत अख्खा कंपायलर असतो, आणि कंपन्यांची खरी स्पर्धा तिथेच चालते. २००६ मध्ये एएमडीने एटीआय विकत घेतली आणि पुढच्या वर्षी जाहीर केलं की कार्डांची कागदपत्रं देऊ. दिलीही. आज एएमडीचं कार्ड लिनक्सवर लावलं की बहुतेक वेळा ते मुकाट्याने चालतं, त्याची सुरुवात ही.

एनव्हिडियाचा बंद ड्रायव्हर वेगवान होता, पण गाभा बदलला की तो रुसायचा आणि समोर काळी स्क्रीन. म्हणून 'नूवो' प्रकल्प सुरू झाला. नावाची गोष्टही गोड आहे: त्याच्या फ्रेंच प्रवर्तकाने चॅटमध्ये 'एनव्ही' टाइप केलं की त्याचा प्रोग्राम आपोआप 'नूवो' करायचा. ऑटोकरेक्टने बारसं केलेला हा बहुधा एकमेव ड्रायव्हर. काम कसं करायचे? बंद ड्रायव्हर चालू ठेवायचा आणि तो कार्डाच्या कोणत्या पत्त्यावर काय लिहितो त्याची प्रत्येक नोंद पकडायची. मग एक बटण बदलून पुन्हा नोंद, आणि दोन्हींतला फरक शोधायचा. असं वर्षानुवर्षं. फेब्रुवारी २०१० मध्ये नूवो गाभ्यात आलं.

त्याच महिन्यात एनव्हिडियाने ऑप्टिमस आणलं, म्हणजे एका लॅपटॉपमध्ये दोन ग्राफिक्स चिपा, बॅटरी वाचवण्यासाठी. लिनक्सवर? काहीच नाही. मग स्वयंसेवकांनी 'बंबलबी' लिहिलं. २०११ मध्ये त्याच्या इन्स्टॉलरमध्ये एक चूक राहिली. एक फोल्डर पुसायचा होता, पण पत्त्यात 'यूएसआर'नंतर चुकून एक रिकामी जागा पडली. कॉम्प्युटरने वाचलं: आधी अख्खं यूएसआर पुसा. त्या फोल्डरमध्ये जवळपास सगळी सिस्टिम असते. एका स्पेसने लोकांची मशीनं पुसली गेली! त्यांना दोष द्यायला माझी जीभ रेटत नाही. जे काम कंपनीचं होतं ते ही पोरं फुकट करत होती.

जून २०१२ मध्ये फिनलंडच्या आल्टो विद्यापीठात टॉरव्हाल्ड्सचा कार्यक्रम होता. प्रेक्षकांतल्या एका बाईने विचारलं, माझ्या लॅपटॉपमध्ये ऑप्टिमस आहे, लिनक्सवर चालत नाही, काय करू? टॉरव्हाल्ड्सने कॅमेऱ्याकडे वळून एनव्हिडियाला मधलं बोट दाखवलं. ती क्लिप तुम्ही मीम म्हणून पाहिलीच असेल. मीममध्ये ती बाई नसते, पण प्रश्न तिचा होता, आणि माझ्यासारख्या हजारोंचा.

बोट दाखवून प्रश्न सुटला नाही. २०१४ पासूनची कार्डं फक्त कंपनीची डिजिटल सही असलेलंच फर्मवेअर घेऊ लागली. नूवोवाले कार्ड चालू करू शकायचे, पण त्याचा वेग वाढवू शकायचे नाहीत. बुलेट घ्यायची आणि पहिल्या गिअरच्या वर जायचं नाही. मे २०२२ मध्ये एनव्हिडियाने अखेर गाभ्यात बसणारा भाग उघडा केला. त्याआधी फेब्रुवारीत हॅकरांनी कंपनीचा डेटा चोरून "ड्रायव्हर उघडा करा" अशी मागणी केली होती. काही जण दोन्हींचा संबंध लावतात. मला तो पटत नाही. एवढं काम तीन महिन्यांत होत नाही. माझ्या मते खरी गोष्ट अशी, की गुपितं ड्रायव्हरातून काढून कार्डाच्या फर्मवेअरमध्ये नेऊन ठेवली, आणि मग ड्रायव्हर उघडा करणं परवडलं.

फर्मवेअरचा तिढा डेबियनने कसा सोडवला तेही ऐका. ही मंडळी तत्त्वाची फार पक्की. २०११ मध्ये त्यांनी बंद फर्मवेअर गाभ्यातून बाहेर काढलं. परिणाम? नवख्यांचं वायफाय गायब. २०२२ मध्ये मतदान झालं आणि कौल आला की अधिकृत इन्स्टॉलरमध्ये फर्मवेअर घालायचं. जून २०२३ च्या डेबियन १२ पासून ते आलं. काहींना ही माघार वाटते. मी सायबर कॅफेच्या फेऱ्या मारल्यात, मी मत दिलं असतं तर घालण्याच्याच बाजूने.

आणि तुम्ही म्हणाल, आमच्याकडे लॅपटॉपच नाही, आम्हाला काय? तुमचा फोन अँड्रॉइड असेल तर त्याच्या पोटात लिनक्सचाच गाभा आहे, आणि चिपचे बंद तुकडेही. चांगला धडधाकट फोन दोन-तीन वर्षांत अपडेट मिळणं थांबून जुना होतो, त्याचं एक मोठं कारण हे तुकडे. चिपवाल्याने त्यांची नवी आवृत्ती दिली नाही, की फोनवाल्याचं काम अवघड. २०१७ मध्ये गूगलने ट्रेबल आणून हे तुकडे वेगळ्या कप्प्यात टाकले, तेव्हा ते थोडं सोपं झालं.

शेवटची एक गोष्ट, गेमवाल्यांसाठी. क्वालकॉमच्या फोनवर एम्युलेटर टाकून पीसीचे गेम खेळणारे तुमच्यात बरेच असणार, कमेंट्समध्ये दिसता तुम्ही. त्या सेटिंगमध्ये 'टर्निप' नावाचा ड्रायव्हर निवडता ना? तो कंपनीचा नाही. २०१२ मध्ये रॉब क्लार्कने क्वालकॉमचे ॲड्रीनो ग्राफिक्स उलगडायला सुरुवात केली, फ्रीड्रीनो नावाने, त्याच घराण्यातला हा टर्निप. मराठीत सलगम. पुढच्या वेळी निवडाल तेव्हा कोणता गेम किती एफपीएसने चालला ते कळवा, मला खरंच ऐकायचंय.